कोरडं मुक्कामाचं

एरवी मोठ्या बाईंच्या घरी कुणी गेलं की त्या आधी चहा टाकत. पण डोंगरात निघायच्या आदल्या संध्याकाळी गेलं की दारातच एक शब्द ऐकू येई. "ओत."

ओतायची ती पाठीवरची सॅक. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत त्यासाठी सतरंजी अंथरलेली असे. आपण आठवडाभर निगुतीनं भरलेली सॅक त्या सतरंजीवर उलटी करायची आणि बाजूला उभं राहायचं. बाई मांडी घालून बसत, चष्मा नाकावर ओढत आणि एकेक वस्तू उचलून विचारत, "हे कशाला?" उत्तर पटलं तर वस्तू उजवीकडे, नाही पटलं तर डावीकडे. निघताना डावीकडचा ढीग त्यांच्याच घरी राहायचा. परत आल्यावर न्यायचा.

माझी पहिली सॅक मला अजून आठवते. जीनच्या दोन पँटी, तीन सुती टॉप, बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, केस वाळवायचं मशीन आणि प्रवासात चुरगळणार नाही अशी एक साडी. बाईंनी ते मशीन हातात धरून उलटसुलट पाहिलं. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई एरवी पुस्तकी शुद्ध बोलत, पण सॅक समोर आली की त्यांचं माहेर तोंडात येई. "पावण्याकडं निघालीस व्हय गं? डोंगराला तुझे केस बघायचे न्हाईत." मी म्हटलं, "लागलं तर असावं म्हणून." त्यावर त्या म्हणाल्या, "लागलं तर, लागलं तर म्हणत माणूस सगळं घर पाठीवर घेतंय. आणि लागतं ते नेमकं खुंटीलाच ऱ्हातंय." लाडू त्यांनी डब्यातून काढून कागदाच्या पुडीत बांधून दिले. डबा डावीकडे गेला.

त्यांचं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. सपाट काळं रान. त्या म्हणत, "लग्नाआधी मी उसापेक्षा उंच काय बघितलंच नव्हतं." पहिली नेमणूक मिळाली ती थेट चंदगडच्या डोंगरातल्या एका वाडीवर. राहायचं खालच्या गावात आणि शाळा वर, मधे चढ, ओढा आणि दाट रान. तिथल्या पावसात वर पोचेपर्यंत अंगावर कोरडा धागा राहत नसे. म्हणून त्यांनी एक साडी शाळेच्या पेटीत ठेवली. सकाळी ओलं लुगडं वाळत घालायचं, कोरडी साडी नेसून शिकवायचं. संध्याकाळी कोरडी साडी घडी करून पेटीत, आणि तेच दमट, गार लुगडं पुन्हा नेसून उतरायचं. पहिल्या वर्षी एकदा कंटाळून त्या कोरड्याच साडीवर उतरल्या, आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर पोरांसमोर ओल्यानं कुडकुडत उभ्या राहिल्या. "तवापास्नं एक ठरलं," त्या सांगत, "कोरडं मुक्कामाचं, ओलं वाटेचं."

हा नियम ऐकायला सोपा आहे. हिवाळ्यात डोंगरातल्या मुक्कामी सकाळी उठून, कोरडे उबदार मोजे काढून कालचे घामेजलेले, बर्फासारखे गार मोजे पायात चढवायचे म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. आम्ही कुरकुरायचो. बाई स्वतः सगळ्यांच्या आधी चढवून मोकळ्या झालेल्या असत. झोपायचा लोकरी जोड त्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवत आणि तो चालताना कधीही, कशासाठीही काढू देत नसत. दिवसभराची चढाई करून त्याच तंबूत परत यायचं असलं तरी ती पिशवी त्यांच्या पाठीवर असे. आम्ही हसायचो. "बाई, आज तरी तंबूत ठेवा की!" त्या नुसत्या मान हलवत.

आमचा गट जमला रंकाळ्यावर. सकाळी तलावाभोवती फेऱ्या मारणाऱ्या आम्ही सात-आठ बायका आणि दोघे-तिघे पुरुष. बोलता बोलता एका रविवारी जोतिबाला चालत गेलो, मग पन्हाळा, मग गगनबावड्याकडचे डोंगर, आणि पुढं दर डिसेंबरात एक मोठी वाट. पुढारीपण बाईंकडे कुणी दिलं नव्हतं. ते त्यांच्याकडे आपसूक गेलं, जसं वर्गातल्या गोंगाटात बाई आत आल्यावर फळ्याजवळची जागा त्यांची होते. त्यांनी आम्हाला कपडे घालायला शिकवलं असं म्हटलं तर लोकांना गंमत वाटेल. पण खरंच शिकवलं. "एक जाड घेऊ नको, तीन पातळ घे. जाड एकच असलं की अंगात तरी असतं न्हाईतर हातात तरी. मधलं काय करणार?" सुती बनियन त्यांना चालत नसे. घाम पितं आणि धरून बसतं, म्हणून. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य, "थंडी वाजायच्या आधी घाल, घाम फुटायच्या आधी काढ." निघताना कुणी गुरफटून आलं की त्या म्हणत, "निघताना थोडं कुडकुडलंच पाहिजे. ऊब पायांनी आणायची, घरनं बांधून न्यायची न्हवं."

त्यांचा एकुलता एक मुलगा अभिजित पुण्यात. मोठ्या कंपनीत, मोठ्या हुद्द्यावर. यजमान गेल्यावर बाईंनी पुण्याला येऊन राहावं असं त्याचं म्हणणं आणि बाईंचं एकच उत्तर, "मला हितंच बरं हाय." पासष्टीची आई एकटी राहते, वर डोंगर हिंडते, हे त्याला सहन होईना. एकदा भांडणात तो म्हणाला, "तुला माणसं नकोत आई, तुला डोंगर पायजेत. उद्या काही झालं तर मी लोकांना काय सांगू?" बाई म्हणाल्या, "सांग, आई चालत गेली." त्यानंतर दोघांचं बोलणं दिवाळी-दसऱ्यापुरतं उरलं. हे मला बाईंनीच सांगितलं, रंकाळ्याच्या कठड्यावर बसून, पाण्याकडे बघत. तक्रार म्हणून नव्हे. बातमी सांगावी तसं.

म्हणून ज्या वर्षी आम्ही हिवाळ्यात उत्तराखंडात बर्फातल्या शिखरावर जायचं ठरवलं आणि अभिजितनं "मी पण येतो" असा फोन केला, तेव्हा बाईंना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा विचारलं, "त्याच्या पायाला दहा नंबर लागतो, बर्फातले बूट भाड्यानं मिळतील ना गं?" नंतर कळलं की त्याच्या बायकोनं, प्रियानं, त्याला पुढं घातलं होतं. भांडून झालं, आता एकदा तिच्याबरोबर चालून बघ, म्हणाली होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो कोल्हापूरला आला. सतरंजी अंथरलेली होती. आम्ही रांगेनं ओतत होतो. त्याची पाळी आली तेव्हा तो दारात उभा राहिला आणि हसून म्हणाला, "आई, माझं राहू दे. चाळीस वर्षांचा हाय मी." बाईंनी हात पुढं केला होता, तो त्यांनी हळूच मागं घेतला आणि शेजारच्या बाईची सॅक पुढं ओढली. इतर कुणालाही त्यांनी सोडलं नसतं. पण इतक्या दिवसांनी घरी आलेल्या मुलाशी सॅकवरून वाद घालायचं त्यांच्यानं झालं नाही.

वरच्या मुक्कामापर्यंत सगळं छान झालं. देवदारांखाली गुडघाभर बर्फ, तंबू, स्वच्छ आभाळ. मायलेक एकमेकांशी जपून बोलत होते, परक्या घरी जेवायला बसल्यासारखे. शिखराच्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. अभिजितच्या अंगात महागडं, गादीसारखं फुगलेलं जाकीट होतं. चढ सुरू झाला तसा त्याचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. बाई मागून म्हणाल्या, "अभी, जाकीट काढ." तो म्हणाला, "असू दे गं." थोड्या वेळानं पुन्हा, "अभी, घाम आलाय बघ." या वेळी तो तसाच पुढं चालत राहिला.

झाडं संपली आणि उघड्या धारेवर वारा लागला. तो वारा अंगातून आरपार जात होता. आम्ही पाणी प्यायला थांबलो, तर अभिजितला बाटलीचं झाकण उघडेना. हात थडथडत होते. मग तो बर्फातच खाली बसला आणि उगीचच हसला. "तुम्ही जावा पुढं," म्हणाला, "मी बसतो हितं जरा." जीभ जड झाली होती. शब्द एकमेकांत अडकत होते.

बाईंनी वर पाहिलं. शिखर समोर होतं, वर पोचलेली माणसं ठिपक्यांसारखी हलताना दिसत होती. बाईंनी ते नीट पाहून घेतलं. मग त्या वाटाड्याला म्हणाल्या, "बाकीच्यांना घेऊन जा. तुझा एक माणूस मला दे. मंजू, तू माझ्यासंगं चल."

आम्ही तिघांनी त्याला एका मोठ्या खडकाच्या आडोशाला आणलं. बाईंनी हातमोजे दातांनी ओढून काढले आणि त्याच्या जाकिटाची चेन उघडली. आत सुती बनियन होतं, पिळलं तर पाणी गळेल असं. त्या ते काढायला लागल्या तेव्हा तो त्यांचे हात धरू बघत होता. "आई, लोकं बघायलीत."

"बघू देत. त्यांच्या आया न्हाईत हितं."

त्यांनी स्वतःच्या पाठीवरची ती पिशवी सोडली. झोपायचा लोकरी जोड. एवढ्या मोठ्या माणसाला तो काय पुरणार? बाह्या कोपरापर्यंत आल्या, पोट उघडं राहिलं. पोटाभोवती त्यांनी आपली शाल घट्ट गुंडाळली, डोक्यावरची आपली कानटोपी काढून त्याच्या कानांवरून खाली ओढली आणि वरून ते जाकीट चढवलं. थर्मासमधल्या पाण्यात गूळ विरघळवून मी घोटघोट पाजत होते. बाई त्याला सतत काहीतरी विचारत होत्या. प्रियाचं माहेरचं आडनाव काय? तुझ्या पहिलीच्या बाई कोण? जेवढं तो नीट सांगेल तेवढं त्यांच्या चेहऱ्यावरचं सावट हलकं होई. मग त्याला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही उतरायला लागलो. बाईंचे पांढरे केस वाऱ्यावर मोकळे सुटले होते. त्यांना स्वतःला थंडी वाजत असणार. मी माझी टोपी पुढं केली, तर त्यांनी ती न बघताच घालून घेतली.

तंबूत त्याला स्लीपिंग बॅगमध्ये घातलं. त्याचे पाय काही केल्या तापेनात. बाईंनी आपला स्वेटर वर केला आणि त्याची ती थंडगार पावलं आपल्या उघड्या पोटाशी धरली. मला शहारा आला, त्यांनी मात्र नुसता श्वास आत ओढला. किती वेळ तशा बसल्या होत्या कोण जाणे. अभिजित आधी खूप कापला, मग शांत झाला, मग झोपला. झोपेत त्याचा चेहरा सैल पडला आणि मला पहिल्यांदा त्यांच्यातलं साम्य दिसलं. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. तंबूच्या कापडाकडे बघत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात मोकळे नव्हते.

जाग आल्यावर तो म्हणाला, "आई, भूक लागली."

"लागंलच," त्या म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "त्या पुडीतलं धपाटं दे गं त्याला."

एवढंच. माफी नाही, समजूत नाही. कोल्हापूरला परतल्यावर मात्र रोज संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला. काय जेवलीस, कुठं गेलतीस, असं काहीबाही. फोनच्या वेळी कुणी आलेलं बाईंना खपत नसे.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, शिखर इतक्या जवळून सुटलं, वाईट वाटलं का? मला वाटलं होतं त्या म्हणतील, छे, पोरापुढं शिखराचं काय! पण त्या तशा खोट्या बोलत नसत. "वाटलं की," त्या म्हणाल्या. "का न्हाई वाटणार? वरपर्यंत जायलाच गेलते मी. अजून कधी कधी डोळे मिटले की ती वरची माणसं दिसतात." आणि म्हणाल्या, "वाटू दे. वाटलं म्हणून कुणी मरत न्हाई."

पुन्हा तिकडे जाणं झालं नाही. पुढच्याच पावसाळ्यात त्यांचं पोट दुखू लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी अभिजितला आत बोलावून घेतलं, तेव्हा बाईही त्याच्या मागोमाग आत गेल्या. "माझ्या पोटात काय हाय ते मलाबी ऐकू दे," म्हणाल्या. अभिजित आपलं काम घेऊन कोल्हापूरला येऊन राहिला. बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसे, आणि मधेच उठून आत जाऊन त्यांना पाणी देई, उशी नीट करी. प्रिया शनिवार-रविवारी येई. बाई वाळत गेल्या. त्या म्हणायच्या, "वजन कमी करा, वजन कमी करा म्हणून तुमच्या मागं लागायची, आता बघा, मीच केलं."

डिसेंबर आला. आमचं चंदगडकडच्या डोंगरात दोन दिवस चालायचं ठरलेलं होतं, बाईंनीच आखलेल्या वाटेनं. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या गावावरून ती वाट जात होती. त्यांची तब्येत बघून आम्ही जाणं रद्द करायचं ठरवलं आणि तसं सांगायला सगळे मिळून गेलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. ऐकून संतापल्या. तो संताप त्या एवढ्याशा देहात मावत नव्हता.

"मी मेले तर सुतक माझ्या घरच्यांला. तुम्हाला कुठलं आलंय?"

आमच्यातली एक रडायला लागली. तशा त्या निवळल्या. तिला जवळ बसवून घेऊन म्हणाल्या, "अगं, ती शाळा अजून हाय का बघून या. आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला एक भलं मोठं जांभळाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी मी बसायची. ते असलं तर मला येऊन सांगा."

आम्ही गेलो. डिसेंबरातली चंदगडची थंडी ओली असते. सकाळी दवानं पायवाटा भिजलेल्या, दरीत धुकं साचलेलं. शाळा होती. कौलांच्या जागी पत्रे आले होते. जांभूळही होतं. आम्ही सगळे त्याच्या बुंध्याशी एकेकदा बसलो, आणि बाईंना दाखवायला फोटो काढले. वर फोनला रेंज नव्हती. मुक्काम त्याच वाडीत झाला. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर उतरायला लागलो. उतार वाईट होता, निसरडा, सुट्या दगडांचा. एकमेकांना हात देत, बसत-उठत खाली आलो आणि एसटीच्या थांब्यावरच्या टपरीत चहा सांगितला. तेवढ्यात फोन जिवंत झाला. अभिजितचा एकच निरोप होता. 'खाली पोचल्यावर फोन करा.'

मी लावला. एका घंटीतच त्यानं उचलला.

"उतरला काय?"

"हो, आत्ताच."

"सगळी उतरली? मागं कोण ऱ्हायलं न्हाई न्हवं?"

"नाही, सगळे खाली आहोत. बाई कशा आहेत? त्यांना सांग, जांभूळ—"

"आई पहाटे गेली," तो म्हणाला.

मी टपरीच्या बाकावर बसले. बाकीच्यांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. फोनमध्ये अभिजित बोलत होता, सावकाश, एकेक शब्द ठेवत. "वाडीच्या खालच्या गावातल्या एकाचा नंबर होता माझ्याकडं. सकाळीच वर निरोप धाडता आला असता. पण आईनं परवाच बजावून ठेवलं होतं. ती सगळी उतरून खाली येईस्तोवर सांगू नको, म्हणाली. उताराला माणसाचं ध्यान पायाकडं पायजे."

मंगळवार पेठेत पोचलो तेव्हा गल्लीत माणसं दाटली होती. त्यांच्या शाळेत शिकून मोठी झालेली, आता स्वतः केस पिकलेली. अभिजितनं सगळ्यांना थांबवून धरलं होतं. नातेवाईक कुजबुजत होते की दिवस मावळायला आला, कुणाची वाट बघताय. आम्हाला कपडे बदलायला वेळ नव्हता. अंगावर दोन दिवसांचे मळके कपडे, बुटांना चंदगडची लाल माती, तशाच आम्ही बायकाही बाकीच्यांबरोबर पंचगंगेच्या स्मशानापर्यंत चालत गेलो. कुणी अडवलं नाही.

शेणींची चिता रचून झाली होती. नदीवरून गार वारा येत होता. अभिजितनं वळून आमच्याकडे पाहिलं. एकेकाच्या चेहऱ्यावर त्याची नजर थोडी थोडी थांबत शेवटपर्यंत गेली. मग तो भटजींना म्हणाला, "आली सगळी. करा सुरू."